"आम्ही फक्त उत्तर मागितलं" म्हणणाऱ्या फॅन पेज ॲडमिनना खुलं पत्र

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोलीपासून थेट पनवेलपर्यंत कुठे कुठे बसून मराठी क्रिएटर्सची फॅन पेजेस चालवणाऱ्या सगळ्या दादा-ताईंना नमस्कार,

मी वागळे इस्टेटला एका छोट्या ऑफिसात व्हिडिओ एडिटिंग करतो आणि ज्यांचे चॅनेल आमच्याकडे आहेत त्यांच्या कमेंट सांभाळायचं कामही माझ्याकडेच असतं. म्हणजे व्हिडिओ पडला की पहिले काही तास मी कमेंटमध्येच असतो, कुठली ठेवायची, कुठली लपवायची, कुठल्या अकाउंटला चॅनेलवरून कायमचं हाइड करायचं हे बघत. त्यामुळे तुमची पेजेस मला नावानिशी माहीत आहेत, तुमच्यातल्या काहींशी बोलणंही होतं, आणि तुमचं काम किती कष्टाचं असतं हेही मी बघितलंय. तुमच्यातले बरेच जण कॉलेजला आहेत, ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराजवळ उभं राहून फोनवरच एडिट करता, एक रुपया न घेता क्रिएटरचे जुने व्हिडिओ शोधून कट करून टाकता, आणि एखाद्या नवीन पोराचं पहिलं गाणं तुमच्या पेजमुळेच लोकांपर्यंत पोचतं. हे खरंय आणि हे मी कमी लेखत नाही. म्हणूनच क्रिएटर्सच्या घरात शिरून होणाऱ्या ट्रोलिंगबद्दल तुम्हाला लिहितोय, शिव्या घालणाऱ्यांना नाही. त्यांना लिहून उपयोग नाही, त्यांची अकाउंट रोज बदलतात. तुमचं पेज मात्र तिथेच असतं, आणि तुमचं लोक ऐकतात.

यंदा जे बघितलं ते सांगतो, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही नवी मुंबईतले, नवरा-बायकोच्या भांडणाचे कॉमेडी रील्स करायचे. पाणी गेलं त्यावरून भांडण, सासूचा फोन आला त्यावरून भांडण, मेगाब्लॉकच्या रविवारी माहेरी जायचं का यावरून भांडण. लोकांना ते इतके आवडले की दोघांची अर्धी अर्धी नावं जोडून पेजेस निघाली, एक नाही बरीच. प्रत्यक्षात ते शाळेपासूनचे मित्र. तिने लाइव्हमध्ये कितीतरी वेळा सांगितलं की आमच्यात तसं काही नाहीये, पण प्रत्येक वेळी खाली तेच, बघा कशी लाजतेय. मग तिचं लग्न ठरलं, दुसऱ्या मुलाशी, तो ऐरोलीला आयटीत आहे आणि रील वगैरे बनवण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तिने साखरपुड्याचा एकच फोटो टाकला. त्या रात्री एका मोठ्या जोडी-पेजने स्टोरी टाकली, एका बाजूला तिचा हसरा फोटो, दुसऱ्या बाजूला रील पार्टनरचा कुठल्यातरी जुन्या व्हिडिओतला उदास चेहरा, आणि खाली "इतकी वर्षं आमच्या भावनांशी खेळलीस, आता उत्तर दे". तिला टॅग, त्याला टॅग, होणाऱ्या नवऱ्याला पण टॅग. बस्स एवढंच. शिवी एकही नव्हती.

पुढचं सगळं त्या टॅगमधून झालं. होणाऱ्या नवऱ्याच्या कंपनीच्या पेजवर जाऊन लोकांनी विचारलं की असल्या माणसाला कामावर कसा ठेवता, म्हणजे त्याने केलं काय तर लग्नाला हो म्हणाला. तिच्या आईच्या वटपौर्णिमेच्या फोटोखाली जे लिहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. धाकटा भाऊ नववीत आहे, त्याच्या गेमिंगच्या अकाउंटवर बहिणीबद्दल मेसेज आले, आणि तो ते घरी न सांगता एकटाच वाचत बसला, हे मला सगळ्यात जास्त लागलं. कुणीतरी त्यांच्या सोसायटीच्या गेटबाहेर उभं राहून रील काढलं, "मॅडम घरी आहेत का बघूया". एकाने तिचा फोटो मॉर्फ केला. तिच्या रील पार्टनरने स्वतः व्हिडिओ टाकून सांगितलं, अरे बाबांनो मी खूश आहे, हळदीला मीच नाचणार आहे, तर त्याला उत्तर काय मिळालं, दादा तू दबावाखाली बोलतोयस आम्हाला कळतंय. शेवटी तिने माफी मागितली. लग्न ठरलं म्हणून एका मुलीने हजारो अनोळखी लोकांची हात जोडून माफी मागितली आणि त्या माफीच्या व्हिडिओच्या कमेंट मी सांभाळत होतो.

ती मूळ स्टोरी २४ तासांनी आपोआप गेली. पेजच्या दृष्टीने विषय संपला. नंतर त्या ॲडमिनशी माझं बोलणं झालं तेव्हा तो शांतपणे म्हणाला की आम्ही फक्त उत्तर मागितलं, शिव्या देणारे आमचे नाहीत. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. या एका वाक्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं म्हणणं बऱ्यापैकी टिकतं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनबद्दल निकाल दिला होता, गोंदियाची केस होती, की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा एकच हेतू होता किंवा आधीच ठरवून केलं असं दिसलं पाहिजे. मला तो निकाल योग्यच वाटतो, नाहीतर कॉलनीच्या ग्रुपचा ॲडमिन व्हायलाही कुणी तयार होणार नाही. पण तो निकाल दुसऱ्याने लिहिलेल्याबद्दल आहे. तुम्ही स्वतः नाव घेऊन, टॅग करून, "याला सोडायचं नाही" म्हणता ते तुमचंच लिहिलेलं असतं. आणि जे लोक समजतात की आयटी कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं म्हणजे ऑनलाइन काहीही चालतं, त्यांना सांगतो, ते कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं हे खरंय, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी ते बरंच झालं, पण भारतीय न्याय संहितेत पाठलाग, अगदी एखाद्या बाईच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणंसुद्धा, कलम ७८ खाली येतं, धमकी ३५१ खाली येते आणि त्यात नाव लपवून दिलेल्या धमकीला जास्तीची शिक्षा आहे. त्या मुलीच्या घरच्यांनी सायबरला तक्रार केली, मॉर्फ फोटोवाला अकाउंट बंद झालं. गेटबाहेर रील काढणारा सापडला तर तो शेजारच्या सेक्टरमधलाच, त्याच जोडी-पेजचा जुना फॉलोअर, वय अठरा. पोलीस स्टेशनमध्ये त्याच्या वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. त्या पोराचंही नुकसान झालंच ना, आणि त्याला तिथे जायला त्या पेजने सांगितलं नव्हतं, पण ती मुलगी सगळ्यांची देणेकरी आहे असं त्याला त्या स्टोरीने सांगितलं होतं.

आता "आम्ही मोठं केलं" या वाक्याकडे येतो, कारण सगळ्या भांडणाच्या तळाशी मला हेच सापडतं. तुमच्या बघण्याने क्रिएटर मोठा होतो यात वाद नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि, शॉर्ट्सचा वेगळा नियम सोडला तर, वर्षभरात ४००० तास बघितलं गेलेलं लागतं, आणि ते तास कुणीतरी बसून बघितल्याशिवाय होत नाहीत, ते तुम्हीच दिलेत. पण त्या तासांच्या बदल्यात तुम्हाला व्हिडिओ मिळाला होता. हसलात, गाणं आवडलं, दिवसभराच्या कटकटीनंतर जरा बरं वाटलं. तो हिशोब तिथल्या तिथे पूर्ण झाला, त्याची उधारी क्रिएटरच्या नावावर चढत नाही. एक आगरी गाण्यांवाला पोरगा आमच्याकडे आहे, हळदीची गाणी करायचा, एकदा त्याने जरा वेगळं संथ गाणं केलं तर खाली "आम्हीच वर आणलं आम्हीच खाली आणू". गाणं आवडलं नाही म्हणा ना, चाल कंटाळवाणी आहे म्हणा, तो ऐकतो, मी त्याला अशा कमेंट मुद्दाम काढून दाखवतो. दुसऱ्या एका क्रिएटर मुलीचं असं की व्हिडिओवर "पेड पार्टनरशिप" लिहिलेलं दिसलं की "विकली गेली" सुरू. अहो ते लिहिणं हाच तर प्रामाणिकपणा आहे, जाहिरात क्षेत्राची जी एएससीआय नावाची संस्था आहे तिने २०२१ पासून इन्फ्लुएन्सरना तसं लिहायलाच सांगितलंय. जो लिहितो त्याला शिव्या आणि जो लपवून जाहिरात करतो तो साधा माणूस, हे उलटंच झालं.

आपल्याला हे लोक आपले का वाटतात याच्यावर खूप आधीच अभ्यास झालाय. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोघांनी रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल लिहिलं होतं की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं वाटून एकतर्फी जवळीक तयार होते, एका बाजूला सगळं माहीत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तेव्हा टीव्ही दिवाणखान्यात होता. आता क्रिएटर रोज सकाळी "हाय फॅमिली" म्हणत तुमच्या उशाशी असतो, तिच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्ससुद्धा तुम्हाला पाठ असतात, तर जवळीक वाटणारच, आणि क्रिएटर लोकही ती वाटावी म्हणूनच तसं बोलतात, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. त्यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा होतं जेव्हा त्या जवळिकीच्या जोरावर त्यांच्या घरात शिरून त्यांनी लग्न कुणाशी करायचं, मुलाचं नाव काय ठेवायचं हे आपण ठरवायला लागतो. एप्रिल २०२४ मध्ये अभिनेते चिन्मय मांडलेकरांनी मुलाच्या नावावरून झालेल्या ट्रोलिंगनंतर जाहीर केलं की यापुढे छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही. जे स्वतःला त्या भूमिकेचे चाहते म्हणवत होते त्यांच्यातूनच त्या कुटुंबाला बोल लागले, आणि त्यात एक लहान मुलगाही होता.

आणि हे कुठपर्यंत जाऊ शकतं तेही बोललं पाहिजे. जपानमध्ये हाना किमुरा नावाची २२ वर्षांची कुस्तीपटू होती, एका रिॲलिटी शोमधल्या प्रसंगावरून तिच्यावर लोक तुटून पडले आणि मे २०२० मध्ये तिने आत्महत्या केली. ज्या दोघांवर कारवाई झाली त्यांना प्रत्येकी ९००० येन दंड झाला. तिची आई त्यानंतर मागे लागली आणि २०२२ मध्ये तिथे अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कैद केली गेली. त्या मुलीला लिहिणाऱ्यातल्या प्रत्येकाने एखाददुसरी ओळच लिहिली असेल. वाचणारी एकटी होती.

टीका बंद करा असं मी म्हणत नाहीये, उलट मला टीका हवी आहे. गडकरी रंगायतनला प्रयोग संपल्यावर लोक आत जाऊन नटांना भेटतात, मी कितीतरी वेळा बघितलंय की काका-काकू तोंडावर सांगतात, दुसरा अंक जरा रेंगाळला हो, आणि नट हात जोडून ऐकून घेतो. ती टीका कामाबद्दल असते, आणि कुणी तिथे उभं राहून नटीच्या आईला फोन लावत नाही. कामाबद्दल बोला, कडक बोला. चुकीची माहिती दिली, खोटी जाहिरात केली, कुणाचं चोरलं, तर पुराव्यासकट बोला, मी ती कमेंट वर पिन करेन. पण नापसंती दाखवायला रिपोर्ट मारायच्या मोहिमा काढू नका. तुम्हाला ते बटण सोपं वाटतं, इकडे खोट्या कॉपीराइट तक्रारीने स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, बसली की अपील करण्यात दिवसच्या दिवस जातात, ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या की चॅनेलच उडतं, आणि त्या चॅनेलवर एडिटरचा, कॅमेरावाल्याचा, ढोलकीवाल्याचा पगार चालू असतो.

तुम्ही म्हणाल की प्लॅटफॉर्म काय करतायत मग. त्यांची जबाबदारी मोठी आहे, मला मान्य आहे, आणि ती नीट पार पाडली जात नाही याचा मलाही राग येतो. इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर शब्द अडवायची सोय आहे पण मराठी आपण टाइप कसं करतो बघा ना, निम्मे लोक इंग्रजी अक्षरात, एकच शिवी डझनभर स्पेलिंगने, मध्ये स्टार, मध्ये आकडा, आगरीतली वेगळी, मालवणीतली वेगळी. मशीनला त्यातलं फार थोडं कळतं. वर भांडण असलेल्या पोस्टवर कमेंट धो धो पडतात म्हणून तीच पोस्ट आणखी लोकांना दिसते, आणि तुमचं पेज वाढतं. हा मोह मला कळतो. वाढदिवसाच्या एडिटला जे मिळत नाही ते "एक्सपोज" लिहिलं की एका रात्रीत मिळतं, मग पेड प्रमोशन यायला लागतात, आणि हळूहळू पेज त्या क्रिएटरच्या कामापेक्षा त्याच्या भानगडींवर चालायला लागतं. अशी पेजेस मी बघितलीत, आणि त्यातल्या ॲडमिनना आता स्वतःच्या क्रिएटरचं शेवटचं गाणं कुठलं आलं हे सांगता येत नाही.

म्हणून प्लॅटफॉर्मची वाट बघायच्या आधी तुमच्याकडे आलोय. ठाण्याच्या दहीहंडीत थर लागताना खाली उभा राहून ओरडणारा जो असतो ना, ज्याच्या एका आवाजावर वरचे थांबतात, उतरतात, ती जागा तुमची आहे. तो स्वतः वर चढलेला नसतो म्हणून थर कोसळल्यावर माझा काय संबंध असं तो म्हणत नाही. मोठ्या माणसांनी हे करून दाखवलंय. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये ओव्हलवर आपलेच लोक ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला चीटर चीटर करत होते, तेव्हा बॅटिंग करणाऱ्या विराटने वळून हात केला की हे नको, टाळ्या वाजवा, आणि त्यासाठी त्याला आयसीसीचा स्पिरिट ऑफ क्रिकेट पुरस्कार मिळाला. २०२४ ला वानखेडेवर, रोहितच्या जागी मुंबई इंडियन्सचा कॅप्टन झालेल्या हार्दिकला आपल्याच मुंबईकरांनी हुर्यो केलं, ते सगळं रोहितच्या प्रेमापोटी, आणि बाउंड्रीवरून रोहितनेच हाताने खूण केली की बंद करा. चाहत्यांना त्यांच्याच बाजूच्या माणसाने थांबवलं तरच ते थांबतात. बाहेरच्याने सांगितलं की चेव येतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

तर माझं मागणं काय आहे ते सरळ सांगतो. घरच्यांना टॅग करू नका, कधीच, आई-वडील, भावंडं, होणारा नवरा, कुणालाच नाही. टीका करणाऱ्या छोट्या अकाउंटचा स्क्रीनशॉट नावासकट स्टोरीला टाकू नका, नाव खोडून टाका, मुद्दा तसाही पोचतो. क्रिएटरने एखादी गोष्ट सांगितली नसेल तर ती सांगायची नाहीये असं समजा आणि त्यावर पोल घेऊ नका. बिल्डिंग, गेट, गाडीचा नंबर दिसणारं काही आलं तर उडवा आणि टाकणाऱ्याला इनबॉक्समध्ये समजवा, सगळ्यांसमोर लाजवू नका, तो बहुतेक लहान असतो. आणि तुमच्या पोस्टखाली शिव्या पडायला लागल्या की झोपायला जाऊ नका, कमेंट बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी स्टोरीत नाही तर फीडवर पोस्ट टाकून लिहा की हे आमच्या पेजवर चालणार नाही. त्याने काही फॉलोअर जातील. जाऊ देत.

माझ्याकडे कामामुळे जमलेली एक फाईल आहे, मराठी शिव्या आणि अंगावर येणारे शब्द, देवनागरी, इंग्रजी अक्षरातली सगळी स्पेलिंग, स्टारवाली, आकडेवाली, सगळी. ती कॉपी करून तुमच्या पेजच्या हिडन वर्ड्समध्ये, म्हणजे शब्द अडवायच्या सेटिंगमध्ये, टाकली की निम्मी घाण तुमच्यापर्यंत यायच्या आत अडते. ज्याला हवी त्याने मेसेज करा, लगेच पाठवतो, कुठलं पेज, खरं नाव काय, काही विचारणार नाही. सेटिंग जमत नसेल आणि ठाण्यात असाल तर रविवारी संध्याकाळी तलावपाळीला या, बसून करून देतो. लग्नसराई तोंडावर आलीये, अजून काही क्रिएटर्सची लग्नं ठरलीत हे तुम्हाला माझ्याआधी कळलेलं असणार, तर त्यातला पहिला फोटो पडायच्या आत एवढं करून घ्या.